कोऱ्या कागदावरची सही

माझ्या हातचा अर्ज कधी परत आला नाही, असं मी नोकरीत असताना मोठ्या तोऱ्यात सांगत असे. जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्याच्या ऑफिसात मी बत्तीस वर्षं काढली. पगार मिळायचा तो आस्थापना विभागातल्या फायली सांभाळण्याचा, पण माझं नाव झालं ते दुसऱ्यांचे अर्ज लिहून देण्यात. बदली हवी, रजा हवी, क्वार्टर हवं, की माणूस सरळ माझ्या टेबलाशी. ‘मॅडम, एक अर्ज़ी लिख दीजिए.’ घरात आम्ही आमचं नागपूरकडचं मराठी बोलतो, पण सरकारी हिंदीत माझा हात असा बसला होता की आमचे मोठे साहेबसुद्धा कधीमधी मसुदा माझ्याकडे सरकवायचे.

कामाची माझी एक पद्धत होती. कामगार यायचे ते जेवणाच्या सुट्टीत, हाताला तेल आणि लक्ष घड्याळाकडे. त्यांना समोर बसवून विचारपूस करायला ना त्यांना वेळ, ना मला. मी एक कोरा कागद पुढे करायची, खाली उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं फुली मारायची आणि म्हणायची, ‘इथे सही करा, बाकी माझ्यावर सोडा.’ ते सही करून पळायचे. मजकूर मी नंतर चहा घेत सावकाश लिहायची. लिहिलेलं कुणी कधी वाचायला मागितलं नाही. मॅडमनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, असा एकंदर विश्वास.

बदलीच्या अर्जात माझं एक वाक्य ठरलेलं असायचं: ‘प्रार्थी अपने परिवार के साथ रहना चाहता है.’ या वाक्यानं साहेब लोक विरघळतात हे मी अनुभवानं शिकले होते. त्याला जोडून वृद्ध माता असली तर सोन्याहून पिवळं. एकदा एका फिटरच्या अर्जात मी त्याच्या वृद्ध मातेवर इतकं लिहिलं की आठवड्यात बदली झाली. तो पेढे घेऊन आला तेव्हा कळलं, त्याची आई जाऊन सहा वर्षं झाली होती. आम्ही दोघंही हसलो. पेढे चांगले होते. तेव्हा यात वावगं काही आहे असं माझ्या डोक्यात आलं नाही, हे आज लिहिताना बरं वाटत नाही.

निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांत मी घरातल्या सगळ्यांना नकोशी झाले. डाळीला फोडणी देण्यापासून पडद्यांच्या रंगापर्यंत सगळ्यात माझं मत. शेवटी सूनबाईंनीच तोडगा काढला. सून माझी वकील आहे. तिचं बालपण इथंच गेलं, त्यामुळे मराठी पूर्ण समजतं, बोलताना मात्र निम्मं वाक्य हिंदीत घसरतं. फसवून, आमिष दाखवून, सीमेपलीकडून आणलेल्या बायकामुलींच्या केसेस ती लढते. जबलपुरात असलं काही चालतं हे ती घरात येईपर्यंत मला ठाऊकच नव्हतं. इथून चारी दिशांना गाड्या मिळतात, म्हणून दलाल माणसं इथे आणतात, ठेवतात आणि पुढे पाठवतात, हे तिनं सांगितलेलं.

‘आई, आमच्या आश्रयगृहात लिहिणारं कुणी नाही,’ ती एक दिवस म्हणाली. ‘आधार, राशन कार्ड, चिठ्ठ्या, अर्ज. तुम्ही या ना. मतलब, तुमचं टॅलेंट घरात वाया चाललंय.’

‘म्हणजे घरातून मला घालवून राहिली तू,’ मी म्हटलं.

‘हो,’ ती म्हणाली. सून अशी आहे. पण मला राग आला नाही, उलट आतून उकळ्या फुटल्या. पुन्हा एकदा टेबल, कागद, पेन. मी आठवड्यातून तीन दुपारी जाऊ लागले.

ती मुलगी मला तिथेच भेटली. वय बावीस, नेपाळच्या डोंगरातली. वडील लहानपणी गेले, तेव्हापासून ती आणि तिची आई काकाच्या घरी. परदेशात एका घरी कामाला लावतो, चांगले लोक आहेत, म्हणून तिला एका बाईबरोबर सीमेकडे धाडण्यात आलं. नेपाळची सीमा पायी ओलांडता येते. त्या दोघी भाजी आणायला निघाल्यासारख्या चालत अलीकडे आल्या. जबलपुरात दोन दिवस थांबायचं, मग विमान, असं सांगितलं होतं. ते दोन दिवस चौदा महिने चालले. शहराबाहेर रिछाईच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका शेडमध्ये तिला आणि आणखी चार जणींना अगरबत्त्या भरायला बसवलं. बाहेरून कुलूप. तिचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र पासपोर्टासाठी म्हणून घेतलं, ते परत दिलंच नाही. कुणीतरी तक्रार केली, पोलीस आले, शेड उघडलं, आणि ती आश्रयगृहात पोचली. मी गेले तेव्हा तिला तिथे तीन महिने झाले होते.

हे सगळं मला सुनेकडून तुकड्या-तुकड्यानं कळलेलं, आणि खरं सांगायचं तर मी अर्धवटच ऐकलेलं. मुलगी स्वतः यातलं काही बोलायची नाही. काहीही विचारलं की ‘जी आंटी’. जेवलीस? जी आंटी. झोप लागते? जी आंटी. मला वाटायचं, किती गुणी पोर.

एका बाबतीत मात्र ती बोलायची. माझ्या पिशवीत एक जुना दिवाळी अंक असायचा. एका दुपारी पाहते तो ती तो उघडून मोठ्यानं वाचतेय. नेपाळी आपल्यासारखीच देवनागरीत लिहितात हे माझ्या ध्यानातच नव्हतं. अर्थ काही कळत नव्हता, पण अक्षरन् अक्षर वाचत होती, शाळेतल्या पहिल्या नंबरच्या मुलीसारखी, मान ताठ ठेवून. एका शब्दावर थांबली. ‘आंटी, ये ख-मं-ग क्या होता है?’ मी त्या दिवशी डब्यात सांभारवडी, आमच्या नागपूरकडची कोथिंबिरीची तळलेली वडी, नेली होती. मी डबा उघडून म्हटलं, ‘हे बघ, याला म्हणतात खमंग.’ तिनं एक खाल्ली, शांतपणे दुसरी खाल्ली आणि म्हणाली, ‘ये थोड़ा जल गया है.’ माझ्या वडीला बत्तीस वर्षांत ऑफिसात कुणी नाव ठेवलं नव्हतं. मी चिडले आणि त्याच वेळी मला हसू आवरेना. त्या दिवसापासून आमचं जमलं. मी काही ना काही करून न्यायची, ती खाऊन दोष काढायची. त्या दुपारी मला फार आवडायच्या.

मग एका सोमवारी आश्रयगृहाच्या अधीक्षिकांनी मला बोलावलं. न्यायालयाला त्या मुलीची इच्छा हवी होती: तिला कुठे जायचंय, काय करायचंय. अर्ज द्यायचा, शुक्रवारी मॅजिस्ट्रेटसमोर हजर करायचं, आणि त्यावर आदेश. सून तेव्हा मझौलीला कायद्याच्या शिबिरात चार दिवस गेली होती. ‘दीदी, आप लिख दीजिए, आपसे अच्छा कौन लिखेगा,’ अधीक्षिका म्हणाल्या. माझी कॉलर ताठ झाली.

मी मुलीला बोलावलं. ती मेथी निवडत होती, हात पुसत आली. मी विचारलं, ‘घर की याद आती है?’

‘जी आंटी.’

‘माँ है ना घर में?’

‘जी.’

झालं. मला पुढे काही विचारायचं सुचलंसुद्धा नाही. मी कोरा कागद काढला, खाली फुली मारली. ‘इथे सही कर, बाकी माझ्यावर सोड.’ तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि सही केली. सावकाश, पूर्ण नाव, वर रेघ देऊन. ती परत मेथीकडे गेली. मेथीच्या काड्या त्या दिवशी तिनं फार वेळ निवडल्या, हे मी पाहिलं होतं, पण पाहून सोडून दिलं.

घरी येऊन मी त्या कागदावर आयुष्यातला सर्वांत उत्तम अर्ज लिहिला. वृद्ध माता, उंबरठ्यावर लागलेले डोळे, परक्या मुलखातलं एकटेपण, सगळं आलं. ‘प्रार्थिनी अविलंब अपने घर, अपने परिवार के साथ रहना चाहती है.’ लिहिताना माझेच डोळे भरून आले, चष्मा दोनदा पुसावा लागला. मंगळवारी सकाळी अर्ज दाखल झाला.

बुधवारी संध्याकाळी सून मझौलीहून परतली. चहाचा कप हातात देऊन मी तिला अर्जाची नक्कल वाचून दाखवली. स्वरात चढउतार ठेवून वाचली. ती ऐकत होती, आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. मला वाटलं, प्रवासाचा शीण.

‘आई, हे तिनं म्हटलं?’

‘म्हटलं म्हणजे, तिचं मन ओळखून मी...’

‘तिनं म्हटलं का?’

‘घरची आठवण येते म्हणाली. सही आहे तिची.’

‘मजकूर वाचून सही केली?’

मी माझी पद्धत सांगितली. सांगतानाच आवाज थोडा खाली गेला, पण मी तो चढवून घेतला. ‘बत्तीस वर्षं असंच करत आले मी. एक अर्ज परत नाही आला. काहून तू अशी उलटतपासणी करून राहिली?’

तिनं कप खाली ठेवला. ‘आई, त्या घरात कोण राहतं? तिचा काका. त्यानंच तिला त्या बाईच्या हवाली केलं होतं. तुमच्या अर्जावर आदेश झाला, तर सरकार तिला गाडीत बसवून त्याच्याच दारात नेऊन सोडेल.’

मी हे ऐकलेलं होतं, अर्धवट. काकाच्या घरी राहायची हे ठाऊक होतं. पाठवलं कुणी, हे मी कधी नीट विचारलंच नव्हतं. मी काही बोलणार, तेवढ्यात ती पुढचं बोलली, आणि ते मात्र आवाज न चढवता. ‘रिछाईला पण तिच्याकडून पहिल्या दिवशी कोऱ्या कागदावर सही घेतली होती. पासपोर्टच्या फॉर्मवर म्हणून. नंतर त्यावर लिहिलं की ती स्वखुशीनं राहून काम करतेय. पोलिसांना तेच दाखवत होते ते लोक.’

मला काय झालं ते सांगता येत नाही. राग आला, तो आधी तिच्यावर आला, की ही मला त्या लोकांच्या रांगेत बसवते. मी तडक स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटली. एका पातेल्याला अजून पोचा आहे. मग ओट्याला टेकून उभी राहिले, आणि डोळ्यांसमोर आलं ते त्या मुलीचं एकदा माझ्याकडे आणि एकदा कागदाकडे पाहणं. तिला ती फुली ओळखीची होती. मला फार लाज वाटली. इतकी लाज मला पूर्वी कधी वाटलेली आठवत नाही.

सून मागून आली. तिनं पाणी दिलं आणि तिथंच ओट्यावर चढून बसली, कॉलेजातल्या मुलीसारखी. ‘आई, आधी आम्ही पण असंच करायचो,’ ती म्हणाली. ‘सोडवायचं, कोंडायचं, पाठवायचं. जसं चोरीचं सामान परत मालकाकडे. आता आम्ही म्हणतो की सीमा ओलांडली हा तिचा गुन्हा नाही, गुन्हा तिच्याशी झालाय. ती मोठी आहे. गवाही द्यायची का, कुठे राहायचं, घरी जायचं की नाही, हे तिनं ठरवायचं. आपण रस्ते दाखवायचे, बस. ये उसका हक़ है, हमारी मेहरबानी नहीं.’

‘आणि तिला ठरवता नाही आलं तर?’

‘तर थांबायचं. वेळ द्यायचा. तेच सगळ्यात कठीण असतं, आपल्याला मदत करायची इतकी घाई असते.’ मग ती हसली. ‘तुम्हाला तर जरा जास्तच.’

गुरुवारी सकाळी आम्ही दोघी आश्रयगृहात गेलो. मी मुलीला बसवलं आणि अर्जाची नक्कल तिच्या हातात दिली. ‘वाच,’ म्हटलं. तिनं वाचली. ओठ हलवत, बोट फिरवत. माझ्या उंबरठ्यावरच्या डोळ्यांपाशी आली तेव्हा मला तिथून उठून जावंसं वाटलं. वाचून झाल्यावर तिनं कागदाची नीट घडी केली.

‘घर में चाचा हैं,’ ती म्हणाली. तेवढंच.

‘मग बोलली काहून नाहीस?’ हे मी मराठीतच विचारलं, घाबरून हिंदी सुचेना. तिला समजलं.

‘आपने पूछा नहीं,’ ती म्हणाली. मग थोडं थांबून, जणू माझीच समजूत काढावी तशी, ‘और आप रोज़ खाना लाती हैं.’

मी माणसांसमोर रडत नाही. त्या दिवशी रडले. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, ते तर आणखी सहन होईना.

सुनेनं तिला सगळं समजावलं. उद्या मॅजिस्ट्रेटसमोर तिनं स्वतः बोलायचं. गावी नाही जायचं तर नेपाळमधल्याच दुसऱ्या शहरात अशा मुलींसाठी राहायची आणि काम शिकायची जागा आहे, तिचा पत्ता कुणाला दिला जात नाही. साक्ष द्यायची असेल तर ती होईपर्यंत इथल्या कामकरी महिलांच्या वसतिगृहात राहता येईल, कुलपाशिवाय. नसेल द्यायची तर कुणी जबरदस्ती करणार नाही. मुलगी लक्ष देऊन ऐकत होती. तिनं एकच प्रश्न विचारला: हा अर्ज माझा नाही म्हटलं, तर आंटीला पकडतील का?

‘नाही पकडणार,’ सून म्हणाली. ‘ओरडा बसेल थोडा.’

तरी तिच्या चेहऱ्यावरची काळजी गेली नाही. परतताना रिक्षात सून मला म्हणाली, ‘आई, मला भीती त्याचीच वाटते. तुम्हाला सांभाळायला ती गप्प राहील. सवय आहे तिला.’ मी म्हटलं, मग मीच बोलते, मीच सांगते चूक माझी. सारा दिवस मी मनात वाक्यं जुळवत होते.

शुक्रवारी दुपारी मॅजिस्ट्रेटबाईंच्या चेंबरमध्ये आम्हाला बोलावलं. बाई पन्नाशीच्या, चष्मा नाकावर, समोर फायलींचा ढीग. एका बाजूला टंकलेखक कॉम्प्युटरशी. मुलगी, सून, अधीक्षिका आणि मी. बाईंनी अर्ज वाचला. ‘बहुत अच्छा लिखा है,’ त्या म्हणाल्या. इतरवेळी मी हवेत गेले असते.

मी पुढे झाले. ‘मैडम, इसमें ग़लती मेरी...’

‘आपसे अभी नहीं पूछा है,’ बाई म्हणाल्या. मी मागे झाले. ऑफिसात माझं वाक्य असं कुणी तोडलं असतं तर चार दिवस बोलले नसते.

बाईंनी कागद मुलीसमोर धरला. ‘ये दस्तख़त तुम्हारे हैं?’

‘जी.’

‘तो घर जाना चाहती हो?’

तिनं माझ्याकडे पाहिलं. सून जमिनीकडे बघत होती. अधीक्षिकांनी डोळ्यांनी खुणावलं, बोल बोल. चेंबरचा पंखा कुरकुरत होता. ‘जी’ असं एक अक्षर तिच्या तोंडून निघालं असतं की संपलं होतं. टंकलेखकाचे हात तयारच होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि ओरडायचं नाही हेही कळत होतं, कारण मी ओरडले असते तर तीही माझीच गोष्ट झाली असती. मी फक्त, माझी काळजी करू नकोस अशी मान हलवली. इतकी हळू की कुणाला दिसली नसेल. तिला दिसली.

‘दस्तख़त मेरे हैं,’ ती म्हणाली. ‘बात आंटी की है.’

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तो ओरडा मला मिळाला, आणि नीट मिळाला. बत्तीस वर्षांचा एकदम. तो इथे लिहीत नाही. मग त्यांनी अर्ज बाजूला ठेवला, खुर्ची तिच्याकडे वळवली आणि विचारलं, ‘अच्छा. अब अपनी बात बताओ. जितना समय लगे.’

वेळ लागला. ती आधी नेपाळीत सुरू झाली, मग हिंदीत आली, मग अडखळली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. तिला साक्ष द्यायची होती, कारण त्या शेडमधल्या चौघींपैकी दोघी आधीच घाबरून निघून गेल्या होत्या. तिचं प्रमाणपत्र तिला हवं होतं. साक्ष झाल्यावर नेपाळच्या त्या दुसऱ्या शहरात जायचं होतं, गावी नाही. आणि आईला कळवायचं होतं की मी आहे, जिवंत आहे. ‘माँ से मिलना है. उस घर में नहीं मिलना. माँ आना चाहे तो मेरे पास आए.’

घरची आठवण आणि घरी जायची इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

टंकलेखकानं कागद छापला आणि सवयीनं खालची रिकामी जागा दाखवत पेन पुढे केलं. मुलगी म्हणाली, ‘पहले पढ़ूँगी.’ त्यानं बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, पढ़ने दीजिए. आणि मग मॅजिस्ट्रेट, वकील, अधीक्षिका, टंकलेखक आणि मी, आम्ही सगळे थांबलो. बाहेर पुढच्या केसचा पुकारा झाला, शिपाई डोकावून गेला. ती ओठ हलवत, बोट फिरवत वाचत राहिली.

तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. ‘यहाँ लिखा है, डर के कारण घर नहीं जाना चाहती. डर वाला हटा दीजिए.’

‘डर नहीं लगता?’ बाईंनी विचारलं.

‘लगता है. पर मैं इसलिए नहीं कह रही. मुझे नहीं जाना है, इसलिए कह रही हूँ.’

बाईंनी स्वतःच्या पेनानं ते शब्द खोडले आणि बाजूला सही केली. आदेश तसाच झाला.

पुढचे सात महिने ती इथंच राहिली. गोहलपुरात एका शिवणाच्या कारखान्यात जाऊ लागली, सकाळी स्वतःच्या पायांनी जायची आणि संध्याकाळी यायची. रविवारी आमच्याकडे जेवायला. सांभारवडी मी अजून थोडी जाळतेच, असं तिचं ठाम मत. हिवाळ्यात तिची साक्ष झाली, पडद्याआडून, पण आवाज स्पष्ट होता, असं सून सांगत होती. प्रमाणपत्र मिळालं. मग ती गेली. मी आश्रयगृहात अजून जाते, अर्जही लिहिते. आता समोरची बाई बोलते आणि मी लिहिते. लिहून वाचून दाखवते, जिला वाचता येतं तिच्या हातात देते. एका दुपारी एकच अर्ज होतो कधी कधी, आणि तोही चार ओळींचा, बेचव. साहेब लोक त्यानं विरघळत नाहीत. माझी तक्रार नाही.

गेल्या महिन्यात तिचा व्हिडिओ कॉल आला. दुपारची वेळ. ती बोलतच नव्हती, नुसती हसत होती, तोंडावर बोट ठेवून. मग तिनं फोन फिरवला. लहानशी खोली, खिडकीत वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यात तोंड बांधलेलं एक पोतं आणि खाटेवर एक सुरकुतलेली बाई, कुशीवर वळून, तोंड किंचित उघडं. आई आदल्या दिवशी पोचली, तिनं कुजबुजत सांगितलं. काकाला न सांगता, तेवढं पोतं घेऊन निघाली होती, आणि परत जायचं नाही म्हणाली होती. माझा अर्ज मंजूर झाला असता तर या क्षणी त्या दोघीही त्याच्या घरात असत्या. सूनही माझ्या खांद्यावरून बघत होती.

‘देखिए,’ ती अगदी हळू आवाजात म्हणाली. ‘सो रही है. दिन में. उस घर में मैंने माँ को कभी दिन में सोते नहीं देखा.’